पन्नासास एक : तेल, काजळी आणि बांधावरचे इंजिन

सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आमच्या परभणी जिल्ह्यात बांधावरच्या झाडांकडे लोकांची नजर वळते. गोदाकाठच्या सोनपेठ, गंगाखेड, पाथरी या पट्ट्यात बाभूळ आणि वेडी बाभूळ भरपूर. दिवाळीच्या आगेमागे तोडणीचे काम सुरू होते आणि ते पार उन्हाळ्यापर्यंत चालते. पूर्वी हे काम कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढायची करवत यांवर होत असे. आता प्रत्येक तोडणाऱ्या टोळीकडे एक चेनसॉ असते. गावात तिला ‘कटर’ म्हणतात, आणि टोळीची रोजी त्या एका यंत्रावर अवलंबून असते. कटर बंद पडला की चार माणसे घरी बसतात.

गेल्या हंगामात जिंतूर रोडवरच्या एका मेकॅनिकच्या दुकानात मी माझा फवारा घेऊन बसलो होतो. समोर वर्तमानपत्रावर एका कटरचे इंजिन उघडून ठेवलेले. पिस्टनवर एका बाजूने उभे ओरखडे, डोक्यावर कडक काळा थर. मेकॅनिक म्हणाला, “मामा, तेल कमी पडलं. पिस्टन धरला.” ज्याचा कटर होता तो साठीचा माणूस. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, गेल्या साली तुम्हीच म्हणले होते, तेल जास्त झालं, कार्बन धरला, कमी टाका. म्हणून कमी टाकलं.”

दुकानात कोणीच काही बोलले नाही. दोन सल्ले, दोन्ही एकाच तोंडून, आणि दोन्हींचा शेवट दुरुस्तीच्या बिलात. मला तो प्रसंग विसरता येईना. तेल जास्त झाले तर काजळी, कमी झाले तर पिस्टन जाम. मग बरोबर म्हणजे किती? पुढचे काही महिने मी या प्रश्नामागे हिंडलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

सुरुवात इंजिनापासूनच करावी लागेल. मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनात तेल तळाशी वेगळे असते. ते फिरते, वंगण घालते आणि परत तळाशी येते. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे यांनी १८८९ ते १८९१ या काळात जे साधे टू-स्ट्रोक इंजिन घडवले, त्यात त्यांनी एक युक्ती केली. पिस्टनखालची बंद जागा, म्हणजे क्रँककेस, त्यांनी पंपासारखी वापरली. पिस्टन वर गेला की ताजे मिश्रण खाली ओढले जाते, खाली आला की तेच मिश्रण बाजूच्या वाटेने वर ढकलले जाते. व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा नाही. पण ज्या जागेत तेल साठवायचे, तीच जागा आता पेट्रोल आणि हवेच्या वाटेत आली. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळून पाठवायचे. ते जाता जाता बेअरिंगला, पिस्टनला, सिलिंडरच्या भिंतीला आपला पातळ लेप देते आणि शेवटी पेट्रोलबरोबर वर जाऊन जळते.

म्हणजे हे तेल जळण्यासाठी घातलेले नसते, तरी त्याला जळावेच लागते. काजळीची सगळी गोष्ट या विसंगतीतून निघते. कंदिलाची वात मोठी केली की काच काळी पडते, हे आपल्या पिढीला सांगायला नको. जळणाला पुरेशी हवा मिळाली नाही, किंवा जळणच जड असले, की कार्बन मागे राहतो. टू-स्ट्रोकमध्ये जड जळण, म्हणजे तेल, मुद्दाम घातलेले असते. त्यात भर म्हणजे जुना धूर बाहेर जाण्याची आणि ताजे मिश्रण आत येण्याची वेळ एकच. त्यामुळे कार्बोरेटरच्या साध्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा चौथाईच्या आसपासचा भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. फवाऱ्याच्या किंवा जुन्या मोपेडच्या मागून येणारा निळसर धूर म्हणजे बव्हंशी हेच न जळलेले तेल.

हा धूर आपल्याकडे एके काळी प्रगतीची खूण होता. १९७२ साली दोन गोष्टी झाल्या. परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली. बजाजची चेतकही त्याच वर्षीची. पुढची पंचवीस वर्षे शिक्षक, तलाठी, दूधवाले, एलआयसीचे एजंट हे सगळे टू-स्ट्रोकवर फिरले. पेट्रोल पंपावर तेलाचा वेगळा हातपंप असे. गिऱ्हाईकाने नुसते “ऑइलसकट एक लिटर” म्हटले की पंपावरचा पोरगा गाडीकडे बघूनच तेल ठरवी. मिश्रणाचे ज्ञान त्या पोराच्या हातात होते, मालकाच्या डोक्यात ते असण्याची गरज नव्हती. वर्षा-दोन वर्षांनी सायलेन्सर तुंबला की मेकॅनिक तो काढून भट्टीत घाली, आतली काजळी जाळून ठोकून काढी, आणि गाडीला पुन्हा चढावर जोर येई.

मग शहरांची हवा बिघडली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत सुटे टू-टी तेल विकण्यावर बंदी घातली आणि तेल यंत्रानेच मोजून पेट्रोलमध्ये मिसळून द्यावे, असा आदेश दिला. कारण लोक हौसेने जास्त तेल घालत होते, आणि स्वस्त म्हणून कसलेही तेल घालत होते. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक दुचाक्या रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या. त्यांच्याबरोबर पंपावरचा तेलाचा हातपंप गेला आणि तो पोरगाही गेला.

इंजिन मात्र गेले नाही. रस्त्यावरून हद्दपार झालेले हे इंजिन शेतात आले. पाठीवरचा पेट्रोल फवारा, गवत कापायचा ब्रश कटर आणि झाडे कापायचा कटर ही तिन्ही टू-स्ट्रोक यंत्रे गेल्या काही वर्षांत गावोगाव झाली. हलके, स्वस्त, आणि तळाशी तेलाचे भांडे नसल्यामुळे आडवे धरा, उलटे धरा, चालतेच. फांदी कापणाऱ्याला दुसरे इंजिन परवडतही नाही आणि पेलवतही नाही. फरक इतकाच की आता तेल मालकाने स्वतः मोजायचे आहे, आणि ते कसे मोजायचे हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

इथे मला सगळ्यात जास्त वेळ घालवावा लागला, कारण घोटाळा माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळाच निघाला. मी गृहीत धरले होते की लोक कंजुषीने तेल कमी घालतात. राज्यात पेट्रोल सगळ्यात महाग कुठे, तर परभणीत, अशा बातम्या २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये गाजल्या होत्या. पेट्रोलचा डेपो लांब आणि वाहतुकीचा खर्च जास्त, हे त्याचे कारण. तेव्हा काटकसर इथे समजण्यासारखी आहे. पण मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतले बरेच जण कंजूष नव्हते. ते आकडा चुकीचा वाचत होते.

कटरच्या टाकीवर ‘५०:१’ असे छापलेले असते. याचा अर्थ पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे एका लिटरला २० मिलीलिटर. पण आकडा वाचणारा माणूस काय करतो? ‘एका लिटरला पन्नास’. ५० मिली तेल घातले की प्रमाण होते वीसास एक, म्हणजे हवे त्याच्या अडीचपट तेल. आता फवारा घ्या. बाजारातल्या अनेक स्वस्त फवाऱ्यांवर ‘२५:१’ लिहिलेले असते, म्हणजे लिटरला ४० मिली. तोच माणूस त्यात २५ मिली घालतो आणि प्रमाण होते चाळीसास एक, म्हणजे गरजेपेक्षा बरेच कमी. ज्या यंत्राला कमी तेल हवे त्यात जास्त जाते, ज्याला जास्त हवे त्यात कमी. कटरमध्ये काजळी धरते, फवाऱ्याचा पिस्टन घासतो, आणि मालक म्हणतो, “मी तर लिहिल्याप्रमाणेच टाकतो.” तो खोटे बोलत नसतो.

त्यात मोजण्याचे साधन म्हणजे बाटलीचे झाकण. दोन बाटल्यांच्या झाकणांत सारखे तेल मावत नाही, आणि अर्धा लिटर पेट्रोलसाठी अर्धे झाकण भरणे हा तर निव्वळ अंदाजपंचे कारभार.

आता प्रमाणाचे हे आकडे आले कुठून? जुन्या काळच्या टू-स्ट्रोक इंजिनांत साधे खनिज तेल सोळास एक, वीसास एक असे घालत. तेव्हाचे तेल तितके चिवट नव्हते आणि इंजिनाची बेअरिंगेही वेगळी होती. सुया-रोलरची बेअरिंगे आली, तेलात सुधारणा झाली, तसे प्रमाण पंचविसास एक आणि मग पन्नासास एक असे उतरत गेले. चेनसॉच्या इतिहासात मोठे नाव जर्मनीच्या आंद्रेआस श्टील यांचे. त्यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी झाड-कापणी यंत्रे बनवली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही म्हणतो, तेव्हा आमच्या मनात चेनसॉ नसते. पण या एका बाबतीत दोन्हीकडची माणसे त्याच एका आकड्यापाशी अडतात. श्टील कंपनीच्या सूचनांत आमचे तेल वापरले तर पन्नासास एक, दुसरे कोणते योग्य टू-स्ट्रोक तेल वापरले तर पंचविसास एक, असे दोन आकडे दिलेले असतात. स्वीडनच्या हुस्कवर्नाच्या पुस्तिकेत हेच पन्नासास एक आणि तेहतिसास एक असे येते. यात कंपनीचा स्वतःचे तेल खपवण्याचा हेतू आहेच, पण त्याखाली एक खरी गोष्टही दडलेली आहे. प्रमाण ही एकट्याने ठरणारी संख्या नाही. ती तेलाच्या जातीला बांधलेली असते.

काजळीच्या बाबतीत तर तेलाची जात प्रमाणापेक्षाही मोठी ठरते. आमच्या भागात सर्रास होणारी चूक म्हणजे ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल कटरमध्ये घालणे. ते घरात असतेच, दाट असते, हाताला चिकट लागते, म्हणजे चांगले असणार असा समज. पण ते तेल जळण्यासाठी बनवलेले नसते. त्यात कॅल्शियम, जस्त अशी धातूंची संयुगे मिसळलेली असतात. तळाच्या भांड्यात महिनोन्महिने फिरत राहण्यासाठी ती उपयोगी. जाळली की मात्र त्यांची राख होते. ती राख प्लगच्या टोकावर, पिस्टनच्या डोक्यावर बसते, आणि त्यावर काजळी आणखी घट्ट धरते. उलट टू-टी तेलात धातू कमीत कमी ठेवलेला असतो, आणि कमी धुराच्या नव्या तेलांत जुन्या जड अवशेष-तेलाऐवजी पॉलिआयसोब्युटिलीन नावाचा पदार्थ असतो. तो उष्णतेने तुटून स्वच्छ जळतो.

डब्यावर काय बघायचे? जपानमध्ये १९९४ पासून टू-स्ट्रोक तेलांची जासो नावाची प्रतवारी आहे. त्यात तेलाची चार गोष्टींसाठी वेगवेगळी परीक्षा होते. वंगण किती, पिस्टन किती स्वच्छ राहतो, धूर किती, आणि सायलेन्सरची वाट किती तुंबते. चौथी परीक्षा वाचून मला आमचे भट्टीवाले मेकॅनिक आठवले. डब्यावर ‘एफबी’, ‘एफसी’, ‘एफडी’ अशी इंग्रजी अक्षरे असतात. एफबीपेक्षा एफसीचा धूर कमी, आणि एफडी पिस्टन जास्त स्वच्छ ठेवते. कटरसारख्या मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला एफडी योग्य. बोटींच्या इंजिनाचे तेलही टू-स्ट्रोकचेच असते, पण ती इंजिने पाण्याने थंड होतात. ते तेल कटरच्या उष्णतेसाठी नाही.

आता मामांच्या पिस्टनकडे परत येऊ. मेकॅनिकने “तेल कमी पडलं” म्हटले, तरी पिस्टन वेगळे सांगत होता. तेल अजिबात नसेल, म्हणजे कोरे पेट्रोल गेले असेल, तर पिस्टन कोरडा पडतो आणि ओरखडे सगळीकडून येतात. ज्या बाजूने हवा आत येते तिकडूनही. इथे ओरखडे फक्त धूर बाहेर जाणाऱ्या बाजूला होते, पिस्टनचा खालचा भाग तेलकट होता, आणि धुराच्या भोकाच्या कडेला काजळीचा टवका निघाल्याची खूण होती. थर जाड झाला, त्यातला तुकडा सुटला, पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये सापडला आणि त्याने चरे पाडले. म्हणजे यंदाचे कमी तेल गुन्हेगार नव्हते. मागच्या दोन हंगामांत साचलेली काजळी आता मोकळी झाली होती.

आणि ती साचली का? मी मेकॅनिकला एअर फिल्टर काढायला सांगितले. तो बाभळीच्या भुशाने आणि काळ्या मातीच्या धुळीने इतका भरला होता की उजेडासमोर धरला तर आरपार काही दिसेना. हवा कमी आत जाते, पेट्रोल तेवढेच. मिश्रण जड होते, कंदिलाची वात मोठी केल्यासारखे. मग साखळी बोथट. साखळी धारदार असेल तर लाकडाचे चपटे कीस पडतात. बोथट झाली की पिठासारखा भुसा उडतो, तो फिल्टरमध्ये जातो, आणि इंजिन तेच काम दुप्पट वेळ तापत करत राहते. आमच्याकडे झाड आडवे पाडून जमिनीलगत कापायची पद्धत आहे. साखळी एकदा मातीत गेली की त्या दिवसापुरती धार संपली. शिवाय मामांची टोळी दोन कापांच्या मध्ये इंजिन बंद करत नसे. दोरी ओढायचा कंटाळा म्हणून अर्धा-अर्धा तास ते हळू चालू ठेवलेले असे. हळू चालणारे इंजिन गार राहते, आणि गार इंजिनात तेल नीट जळत नाही.

तेलाचे प्रमाण वाढले की काजळी वाढते, हे खरेच आहे. माझे म्हणणे एवढेच की तुंबलेला फिल्टर आणि चुकीच्या जातीचे तेल यांच्यापुढे ते दुय्यम आहे. फिल्टर झटकला नाही आणि ट्रॅक्टरचे तेल सोडले नाही, तर तेल अर्ध्यावर आणूनही थर धरतच राहील. फक्त आता वंगणही कमी असेल.

उलट बाजूची एक समजूतही तपासून पाहिली. ‘तेल जास्त म्हणजे इंजिन सुरक्षित’ असे पुष्कळ जण मानतात. कार्बोरेटरच्या भोकातून ठरावीक द्रव जातो. त्यात तेल जास्त असेल तर पेट्रोल तेवढे कमी जाते. पन्नासास एक असताना मिश्रणात पेट्रोल सुमारे ९८ टक्के असते, पंचविसास एक असताना सुमारे ९६. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जवळजवळ २ टक्के घटले, इंजिन किंचित जास्त तापले. परिणाम छोटा आहे आणि एरवी कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण आता त्यावर दुसरी गोष्ट चढली आहे.

ती म्हणजे इथेनॉल. आपल्या उसापासून आणि धान्यापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये देशभर २० टक्क्यांवर पोचले. उसाच्या या मुलखात त्याविरुद्ध बोलणे अवघड, आणि मी बोलतही नाही. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. पण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जुन्या पेट्रोलसाठी लावलेल्या कार्बोरेटरमधून २० टक्के इथेनॉलचे मिश्रण गेले, तर हवेच्या मानाने जळण साधारण ७ ते ८ टक्के कमी पडते. तेलाच्या प्रमाणातल्या फरकाच्या हे तीन-चार पट झाले. कटर जास्त तापतो. अनेक चेनसॉ कंपन्यांच्या पुस्तिकांत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे लिहिलेले असते. म्हणून आता कार्बोरेटरचा वेगाचा स्क्रू जाणत्या माणसाकडून थोडा मोकळा करून घेणे गरजेचे झाले आहे.

याहून घातक आहे ते कॅनमध्ये पडून राहिलेले मिश्रण. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात अर्धा भरलेला कॅन गोठ्यात पडून राहिला, पाणी पुरेसे झाले, की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाशी बसतो. तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. कटरच्या टाकीत पेट्रोल ओढणारी नळी तळाशीच असते. म्हणजे तेल बरोबर मोजले, जात बरोबर घेतली, आणि तरीही इंजिनाला पहिल्या मिनिटात जवळजवळ बिनतेलाचे पाणी-इथेनॉल पाजले. माझ्या स्वतःच्या फवाऱ्याचे असेच झाले होते. ज्येष्ठातले मिश्रण मी आश्विनात वापरले आणि दोष दुकानदाराच्या तेलाला देत बसलो. म्हणून तर त्या दिवशी मी त्या दुकानात होतो.

मोजमापाचा उपाय शेवटी मेकॅनिकच्याच लक्षात आला. त्याच्या घरी म्हशी आहेत. जनावरांच्या औषधाच्या दुकानात २० मिलीची सिरिंज काही रुपयांत मिळते. कटरसाठी लिटरला एक सिरिंज. पंचविसास एकच्या फवाऱ्यासाठी दोन. अर्ध्या लिटरला दहाच्या रेघेपर्यंत. आधी थोडे पेट्रोल, मग तेल, मग कॅन हलवून उरलेले पेट्रोल. खर्चाचा हिशेबही तिथेच झाला. चांगले तेल समजा लिटरला पाचशे रुपयांचे धरले, तरी कटरच्या एका लिटर पेट्रोलमागे दहा रुपयांचे तेल. ट्रॅक्टरचे तेल घालून त्यातले किती वाचणार?

मामांनी सिरिंज हातात घेऊन उजेडात धरली, रेघा मोजल्या. मग विचारले, “पण हीच म्हशीला बी वापरायची का?” मेकॅनिक हसला. नाही म्हणाला, तेलाची वेगळी ठेवा आणि सुई काढून टाका.

नवा पिस्टन, रिंगा, सायलेन्सरची जाळी साफ, फिल्टर धुतला, साखळीला कानस मारली. नव्या मिश्रणावर इंजिन दुसऱ्या ओढीला लागले. जुन्या कॅनमधले शिळे पेट्रोल मेकॅनिकने पार्ट धुवायला म्हणून ठेवून घेतले, आणि त्याचे पैसे बिलातून वजा केले.